रय शहरचा हकीम

गेल्या कोजागिरीला गच्चीवर दूध आटेपर्यंत मुलांचा दंगा चालला होता. त्यातल्या एकाने माझ्या दंडावरचा रुपयाएवढा खोलगट वण पाहिला आणि हे काय म्हणून विचारलं. देवी काढल्याची खूण, असं मी सांगितलं. तर देवी कोणती, आणि ती दंडातून का काढायची, हा पुढचा प्रश्न! पन्नाशीच्या पुढच्या सभासदांना हसू येईल, पण मुलाचं काय चुकलं? भारतातला देवीचा शेवटचा रोगी सापडला १९७५ साली. १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातूनच गेल्याचे जाहीर केले. त्या मुलाच्या आईवडिलांनीही देवी पाहिलेली नाही. त्यांच्या दंडावर असते ती बीसीजीची बारीक खूण, ती वेगळी.

मुलाला देवी आणि गोवर यांतला फरक समजावून सांगताना मला हकीम राझीची आठवण झाली. हा फरक नीट तपासून त्यावर वेगळे पुस्तक लिहिणारा तोच पहिला. स्मरणिका समितीने आरोग्यावर काहीतरी लिहा म्हणून सांगितले होतेच. पथ्यपाणी आणि मधुमेह यावर सगळेच लिहितात, म्हणून म्हटलं, या हकिमाची ओळख करून द्यावी.

त्याचे पूर्ण नाव अबू बक्र मुहम्मद इब्न झकारिया अल-राझी. इराणात तेहरानच्या दक्षिणेला रय नावाचे फार जुने गाव आहे. आता ते तेहरानमध्येच मिसळून गेले आहे. राझी म्हणजे त्या रयचा. आपल्याकडे साताऱ्याचा तो सातारकर, तसा हा रयकर म्हणा ना! जन्म इ. स. ८६५ चा. घरची भाषा फारसी, पण लिहिले सगळे अरबीत, कारण त्या काळी विद्वानांची भाषा ती होती. आपल्याकडचे शास्त्रीपंडित घरी मराठी बोलत आणि ग्रंथ संस्कृतात लिहीत, तसाच प्रकार.

राझी काही उजाड माळावर उगवलेला नाही. इराणात वैद्यकाची परंपरा जुनी होती. खुझिस्तानात गुंदेशापूर नावाचे शहर सासानी बादशहांच्या वेळेपासून वैद्यांसाठी प्रसिद्ध होते. ग्रीक, सीरियाई, इराणी आणि हिंदुस्थानी अशा सगळ्या विद्या तिथे भेटल्या. सहाव्या शतकात नौशेरवान बादशहाच्या दरबारातला बुर्झोय नावाचा वैद्य हिंदुस्थानातून आपले पंचतंत्र घेऊन गेला आणि त्याने ते फारसीत नेले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. पुढे ७६५ साली बगदादच्या खलिफाचे पोट बिघडले तेव्हा गुंदेशापूरच्याच वैद्याला बोलावणे गेले, आणि त्या बुख्तिशू घराण्याने पुढे कित्येक पिढ्या बगदादची वैद्यकी सांभाळली. याच ओघात चरक आणि सुश्रुत हेही भाषांतर होऊन तिकडे पोचले. राझीच्या मोठ्या ग्रंथात जालिनूस आणि हिपॉक्रटीस यांच्याबरोबर चरकाचेही हवाले येतात, अरबी उच्चारात शरक म्हणून.

तरुणपणी मात्र राझीचा वैद्यकीशी संबंध नव्हता. तो वीणेसारखे ऊद नावाचे वाद्य वाजवी. नंतर किमयेच्या नादी लागला. भट्ट्या, मुशी, क्षार, गंधक, पारा यांत त्याची वर्षे गेली, आणि डोळे बिघडायला तिथूनच सुरुवात झाली असे जुने चरित्रकार सांगतात. तिशी ओलांडल्यावर तो वैद्यकाकडे वळला. आता बघा, आपल्याकडे दहावीच्या निकालाला मुलाचे आयुष्य ठरवून टाकतात, आणि हा गृहस्थ तिशीनंतर नव्या शास्त्राची मुळाक्षरे गिरवायला बसला. पुढे रयच्या इस्पितळाचा आणि मग बगदादच्या इस्पितळाचा तो प्रमुख झाला.

बगदादच्या इस्पितळासाठी जागा निवडायची त्याची एक गोष्ट फार सांगतात. शहरात निरनिराळ्या ठिकाणी मांसाचे तुकडे टांगायचे आणि जिथला तुकडा सर्वांत उशिरा सडेल तिथे इस्पितळ बांधायचे, अशी युक्ती त्याने काढली म्हणे. गोष्ट छानच आहे. पण ती ज्या इस्पितळाची म्हणून सांगतात ते ९८२ साली उभे राहिले, आणि राझी वारला त्याच्या पन्नासएक वर्षे आधी. मोठ्या माणसाच्या नावावर अशा गोष्टी जमा होतातच. आपल्याला त्यांची गरज नाही, खऱ्या गोष्टी पुरेशा आहेत.

इब्न नदीम नावाच्या बगदादच्या एका पुस्तकविक्याने रयच्या एका म्हाताऱ्याकडून ऐकून राझीचे वर्णन लिहून ठेवले आहे. मोठ्या डोक्याचा हा म्हातारा हकीम मध्ये बसे. त्याच्यासमोर त्याचे शिष्य, त्यांच्यापुढे त्या शिष्यांचे शिष्य आणि त्यांच्याही पुढे आणखी नवखे. रोगी आला की आधी सर्वांत बाहेरच्या कड्यातल्या पोरांना आपले दुखणे सांगायचा. त्यांना उमगले तर ठीक, नाहीतर प्रकरण आतल्या कड्याकडे, आणि कुणालाच कळेनासे झाले की मग राझी स्वतः बोले. आजही मोठ्या सरकारी इस्पितळात असेच चालते, फक्त बाहेर केसपेपरची रांग जास्त लांब असते. गरीब रोग्यांची तो फुकट शुश्रूषा करी, एवढेच नव्हे तर त्यांना खाण्यापिण्यासाठी पैसेही लावून देई. आणि भेटायला कधीही जा, तो काहीतरी लिहीत किंवा उतरवून घेत बसलेला असे.

ते काय लिहीत होता ते आता सांगतो, कारण मला स्वतःला राझी आवडतो तो त्यासाठी.

अब्दुल्ला इब्न सवादा नावाचा एक रोगी त्याच्याकडे येत असे. ताप यायचा, पण त्याला धरबंध नव्हता. कधी रोज, कधी एकांतरा, कधी चौथरा, तर कधी सहा दिवसांनी. ताप भरण्याआधी थोडी हुडहुडी भरायची, आणि लघवीला वारंवार जावे लागायचे. राझीला दोन शंका आल्या. एकतर हे सगळे ताप वळत वळत चौथऱ्या तापावर जाणार, म्हणजे आपण ज्याला हिवताप म्हणतो तो प्रकार, नाहीतर मूत्रपिंडात गळू असावे. ठाम काही सांगवेना. थोड्याच दिवसांत त्या माणसाच्या लघवीतून पू आला. मूत्रपिंडातले गळू फुटले होते. आता ताप पुन्हा येणार नाही असे राझीने सांगितले आणि तसेच झाले. आधी लघवी साफ होण्याची औषधे, मग जखम भरून येण्याची, असे करत दोन महिन्यांत तो माणूस पूर्ण बरा झाला.

दुसरा कोणी असता तर एवढ्यावर कौतुक करून घेऊन थांबला असता. राझीने पुढे टिपून ठेवले की निदानाला उशीर का झाला. रोग्याला आधी तऱ्हेतऱ्हेचे ताप येऊन गेले होते, त्यामुळे आपले मन तिकडे ओढले गेले. उभे राहिल्यावर कमरेत काही वजन लोंबकळल्यासारखे वाटते, हे रोग्याने सांगितले नाही, आणि आपण ते विचारायला विसरलो. रोग्याच्या वडिलांनाही मूत्राशयाचा त्रास होता, तेही आपल्याला माहीत नव्हते. पुढच्या वेळी अशी चौकशी सोडायची नाही, अशी स्वतःलाच ताकीद देऊन त्याने टिपण संपवले आहे.

हे टिपण त्याने कुणाला दाखवायला लिहिलेले नव्हते. घरच्या वहीतले होते. रोगी बरा झाला होता, कोणी जाब विचारणार नव्हते. तरीही बगदादच्या इस्पितळाचा प्रमुख राहिलेला माणूस, ज्याच्यासमोर तीन तीन कडी करून शिष्य बसत, तो विचारायला विसरलो असे लिहून ठेवतो. आपल्या सर्वांचेच वय आता डॉक्टरांकडे खेटे घालण्याचे झाले आहे, तेव्हा ही ओळ किती दुर्मीळ आहे हे मी वेगळे सांगायला नको.

दुसरे एक टिपण सरसामाविषयी आहे. सरसाम म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणाला सूज येऊन ताप आणि बरळणे सुरू होते तो रोग. अशा वेळी शीर तोडून रक्त काढायचे हा त्या काळचा सर्रास उपाय. त्याचा खरंच उपयोग होतो का, हे कळावे म्हणून राझीने काही रोग्यांचे रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही, आणि मग दोन्हींचे काय होते ते पाहिले. आज नवे औषध बाजारात येण्याआधी दोन गट करून तपासतात, त्याचीच ही जुनी चाहूल म्हणायला हरकत नाही. मात्र त्याचा निष्कर्ष निघाला रक्त काढणे उपयोगी आहे असा! तो आजच्या शास्त्राला मान्य नाही. गटांत किती माणसे, कोणाचा रोग किती पुढे गेलेला, ही मोजदाद त्याच्याकडे नव्हती. पाऱ्याबद्दलही असेच. पारा पोटात गेला तर काय होते हे पाहण्यासाठी त्याने तो आपल्याकडच्या माकडाला पाजला, आणि माकड पोट धरून कसे तळमळत होते ते लिहून ठेवले. वाचताना वाईट वाटते, पण माणसांवर आधी न करता त्याने ते तिथे केले, हेही खरे.

आता देवीकडे येऊ. देवी आणि गोवर यावर राझीचे चौदा प्रकरणांचे छोटे पुस्तक आहे. त्याच्या आधीच्या लेखकांनी या रोगांचे उल्लेख केले होते, पण दोन्हींची सरमिसळ असे. आपल्या मराठीत देवी, गोवर, कांजिण्या असे तीन वेगळे शब्द आहेत, आणि आपल्या आज्यांना त्यांतला फरक अचूक कळत असे. पण तो कळायचा पुरळ अंगावर उठल्यावर. राझीने तो त्याच्या आधी, नुसता ताप असतानाच ओळखायचा प्रयत्न केला. सतत ताप, नाकात खाज, झोपेत दचकणे ही दोन्हींची सुरुवात. पण पाठ फार दुखत असेल तर कल देवीकडे. तगमग, मळमळ आणि घाबरेपणा जास्त असेल तर गोवर. कोणत्या रंगाचे, कसे पसरलेले फोड म्हणजे रोगी वाचणार आणि कोणते म्हणजे आशा सोडायची, हेही त्याने लिहिले. देवी गेल्या तरी डोळे नेतात हे त्याने पाहिले होते, म्हणून डोळ्यांकडे खास लक्ष. सुरुवातीपासून गुलाबपाण्याने दिवसातून कितीतरी वेळा डोळे धुवायला तो सांगतो. घशासाठी, सांध्यांसाठी आणि नंतर राहणाऱ्या वणांसाठीही उपाय दिलेले आहेत.

कारण मात्र त्याने जे दिले ते त्याच्या काळाचे होते. लहान मुलाचे रक्त ताज्या द्राक्षरसासारखे असते, वयात येताना ते आंबून उकळी फुटते आणि तोच फेस फोडांच्या रूपाने बाहेर पडतो, असे त्याचे म्हणणे. म्हणून देवी मुलांना येतात आणि म्हाताऱ्यांना सहसा येत नाहीत. एकाचा रोग दुसऱ्याला लागतो, हा विचार त्या पुस्तकात नाही. म्हणजे कारण चुकले, वर्णन बरोबर. वर्णन इतके बरोबर की १७४७ साली लंडनचे नावाजलेले डॉक्टर रिचर्ड मीड यांनी देवीवर स्वतःचे पुस्तक काढले, तेव्हा आठशे वर्षांपूर्वीचे राझीचे पुस्तक लॅटिनमध्ये त्याला जोडले. जेन्नरची लस त्यानंतर पन्नास वर्षांनी आली. माझ्या दंडावरच्या वणाशी राझीचा सरळ संबंध नाही हे मला माहीत आहे. पण रोगाला हाकलायचे तर आधी तो नेमका कोणता हे ओळखावे लागते, आणि ते काम याने केले.

त्या काळी वैद्यकात जालिनूस, म्हणजे ग्रीक वैद्य गालेन, याचा शब्द शेवटचा मानत. राझीने जालिनूसबद्दलच्या शंका अशा नावाचे पुस्तकच लिहिले. सुरुवातीला त्याने कबूल केले की आपण ज्याच्या विद्येवर वाढलो त्याच्यावर टीका करणे जिवावर येते. पण रय आणि बगदादच्या इस्पितळांत तापाचे इतके रोगी पाहिले, ज्यांचा ताप गुरूने लिहिलेल्या वाटेने गेलाच नाही, मग गप्प कसे बसायचे? लोकांनी त्याला नावे ठेवली. धर्म आणि तत्त्वज्ञान यांवरही त्याची मते चारचौघांसारखी नव्हती, त्यामुळे त्याच्याच गावचा दुसरा एक राझी, अबू हातिम, त्याच्याशी जाहीर वाद घालीत असे. तत्त्वज्ञानाची त्याची बरीच पुस्तके पुढे टिकली नाहीत.

भोंदू वैद्यांवर मात्र त्याने मनापासून लिहिले आहे. कोणी नाकातून पाल काढून दाखवतो, कोणी कानातून किडा, कोणी जिभेखालून बेडूक, आणि हे सगळे आधीच हातात लपवलेले असते, असे हातचलाखीचे प्रकार त्याने एकेक करून सांगितले आहेत. दातातला किडा काढून दाखवणारे लोक आपण जत्रेत पाहिलेले आहेत, तेव्हा धंदा जुना आहे म्हणायचा. दुसऱ्या बाजूला, हुशार वैद्यालाही सगळे रोग बरे करता येत नाहीत, यावरही त्याने निबंध लिहिला. अबू झैद बल्खी नावाच्या विद्वानाला वसंतात गुलाबांचा वास घेतला की सर्दी होई, त्यावर एक वेगळाच निबंध! आज आपण ॲलर्जी म्हणून मोकळे होतो. आणि ज्याच्याजवळ वैद्य नाही त्याच्यासाठी, अशा अर्थाच्या नावाचे एक पुस्तक त्याने लिहिले. गरिबाला आणि प्रवाशाला स्वयंपाकघरात किंवा मुक्कामावर मिळतील अशाच वस्तूंनी काय करता येईल ते त्यात आहे. बड्यांसाठीही लिहिले, नाही असे नाही. रयचा सुभेदार मन्सूर याच्या नावाने लिहिलेले दहा भागांचे पुस्तक युरोपात शिकवले जाई, आणि त्याच्या नवव्या भागावर पुढे व्हेसॅलियससारख्या शरीरशास्त्रज्ञाने १५३७ साली पुस्तक केले.

या सगळ्याची किंमत डोळ्यांनी दिली. एका वर्षात आपण बारीक अक्षरात वीस हजारांवर पाने लिहिली, आणि मोठ्या संग्रहावर पंधरा वर्षे रात्रंदिवस काम करताना नजर गेली आणि हाताचे स्नायू ढिले पडले, असे त्याने स्वतः नोंदवले आहे. वाचायला आणि लिहायला मग दुसऱ्यांना बसवी, पण काम सोडले नाही. सुभेदाराने डोक्यात पुस्तक मारले म्हणून तो आंधळा झाला, अशी एक कथा आहे, ती सोडून द्या. पुस्तके मारावी लागत नाहीत, लिहूनच डोळे जातात. शेवटी एक शिष्य तबरिस्तानहून त्याचे डोळे बरे करायला आला. राझीने त्याचे आभार मानले, पण आता मरण जवळ आले आहे, दुखणे सोसून मिळणार ते थोडे, म्हणून उपचार नाकारले. ९२५ साली तो रयमध्येच वारला. हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिणाऱ्या अल-बिरूनीने पुढे राझीच्या पुस्तकांची यादी केली, ती १८४ नावांची भरली.

मागे राहिला तो टिपणांचा ढीग. काही वर्षांनी इब्न अल-अमीद नावाच्या वजिराने राझीच्या बहिणीला पैसे देऊन तिच्याकडचे ते कागद घेतले आणि राझीच्या शिष्यांना एकत्र बसवून त्यांचा ग्रंथ करविला. तोच अल-हावी. इतका प्रचंड की उतरवून घ्यायला कोणाला परवडेना. थोड्या पुढच्या काळातल्या एका मोठ्या इराणी वैद्याला त्याच्या फक्त दोन प्रती माहीत होत्या. १२७९ साली सिसिलीतल्या फरज बिन सालिम या ज्यू वैद्याने तो राजा चार्ल्ससाठी लॅटिनमध्ये नेला आणि १४८६ साली इटलीत ब्रेशिया येथे तो छापून निघाला. मूळ अरबी मात्र हस्तलिखितांतच विखुरलेले राहिले. ते छापले कोणी, तर आपल्या शेजारच्या हैदराबादेत, दाइरतुल मआरिफ उस्मानिया या संस्थेने. १९५५ साली सुरुवात केली तेव्हा मराठवाडा अजून हैदराबाद राज्यातच होता. तेवीस खंड व्हायला पुढची पंधरा-सोळा वर्षे लागली. विचारायला विसरलो असे लिहिलेले ते मूत्रपिंडाच्या गळवाचे टिपणही याच ग्रंथातले.